जिथे हात पोहोचतो ती होडी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईच्या मित्रांकडून आणि इथल्या मराठी मंडळींकडून एकच प्रश्न येत राहतो: "अटलांटिक पार करायचाय, पैसे बेताचे आहेत. लहानशी जुनी शिडाची होडी घ्यायची, तर कोणती घेऊ?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

नावं हवी असतील तर कॉन्टेसा 26, अल्बिन वेगा 27, कॉन्टेसा 32, आणि ऐपत जरा जास्त असेल तर रस्टलर 36. नावातला आकडा म्हणजे साधारण फुटांतली लांबी. कॉन्टेसा 26 घेऊन टानिया एबी 1985 मध्ये न्यूयॉर्कहून निघाली तेव्हा 18 वर्षांची होती. 1987 मध्ये जग फिरून ती परत आली. वेगामधून मॅट रदरफर्डने 2011-12 मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला मिळून एकट्याने, कुठेही न थांबता, वळसा घातला. आपले अभिलाष टॉमी 2023 च्या एप्रिलमध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दुसरे आले ते रस्टलर 36 मधून. तेव्हा 'एवढीशी होडी महासागरात टिकेल का' ही काळजी सोडा.

रुंदी आणि वजनाची परीक्षा मात्र जरूर घ्या. ऑगस्ट 1979 मध्ये फास्टनेट शर्यतीत, म्हणजे इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून येण्याच्या शर्यतीत, 303 होड्या उतरल्या, वादळात सापडल्या आणि 15 स्पर्धक मृत्युमुखी पडले. सगळ्यांत लहान होड्यांच्या गटातून एकटी असेंट शर्यत पुरी करू शकली, आणि ती कॉन्टेसा 32 होती. त्या आपत्तीनंतर एक सोपं गणित रूढ झालं. होडीचं वजन पौंडांत घ्या, 64 ने भागा, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढा आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर 2 च्या आत हवं. कॉन्टेसा 32 ची रुंदी साडेनऊ फूट, वजन सुमारे 9,500 पौंड. उत्तर येतं 1.8 च्या आसपास. रुंद आणि हलकी होडी धक्क्यावर फार ऐसपैस वाटते, पण लाटेने उलटवली तर उलटीच राहण्याचा धोका तिला जास्त. वजन होडीत किती खाली आहे हे या गणिताला कळत नाही, त्यामुळे पहिल्या चाळणीपुरताच त्याचा उपयोग.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते. यातल्या बऱ्याचशा होड्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत. एकाच नावाच्या दोन होड्या यार्डात, म्हणजे होड्या पाण्याबाहेर काढून ठेवतात त्या आवारात, शेजारी उभ्या असतात. एक निघायला तयार असते, दुसरीची डोलकाठी पहिल्या मोठ्या वाऱ्यात जाईल. म्हणून मी मॉडेलपेक्षा एका गोष्टीकडे पाहतो: प्रत्येक महत्त्वाच्या जागी माझा हात पोहोचतो का? किनाऱ्यापासून हजार मैलांवर मिस्त्री तुम्हीच असता.

सुरुवात चेनप्लेटपासून करा. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या या चेनप्लेट. डेकमधून खाली जाताना त्यांचा जो भाग दिसत नाही, तिथे ओल साठते आणि हवा लागत नाही. स्टेनलेस स्टीलला नेमकं हेच सोसत नाही. वरून पट्टी चकचकीत, आत बारीक भेगा. ती काढून पाहता येत नसेल, कपाटामागे फायबरग्लासखाली गाडलेली असेल, तर फर्निचर फोडण्याचा खर्च किमतीतून वजा करा किंवा ती होडी सोडून द्या. मी सोडून देईन. तारा तर दहा-पंधरा वर्षांत बदलायच्याच असतात. शेवटच्या कधी बदलल्या त्याची पावती मागा.

डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने टकटक करत फिरा. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा किंवा प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून त्यात पाणी मुरतं. टणक आवाज चांगला. बद्द आवाज आला की आत कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. तळाशी सीकॉक पाहा, म्हणजे होडीला मुद्दाम ठेवलेल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह. ते ब्रॉन्झचे हवेत. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, धातू गुलाबीसर पडतो आणि एक दिवस हातात तुटून येतो. सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड ऐका. फायबरग्लासच्या तळाला पाणी मुरून आलेल्या फोडांची लोकांना सगळ्यांत जास्त भीती वाटते. मला नाही. त्यांनी होडी सहसा बुडत नाही, भाव मात्र उतरतो.

हात पोहोचण्याचं मोल सुहेलीने दाखवलं. आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली ही 32 फुटी होडी घेऊन ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 मध्ये निघाले, आणि अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. भर समुद्रात त्यांनी पाण्याखाली उतरून तो सांधा कापसाने भरला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. 1969 च्या एप्रिलमध्ये कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ते इंग्लंडमधल्या फालमथला परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले.

पैशांबद्दल माझं मत पक्कं आहे: जेवढी किंमत द्याल तेवढेच पैसे हातात राखून ठेवा. तारा, शिडं, चांगला जड नांगर आणि वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू यांत ते जातील. या शेवटच्या गोष्टीवर काटकसर करू नका. दोघंच जण अटलांटिक ओलांडत असाल तर तीन-चार आठवडे रात्रंदिवस सुकाणू धरून बसणं माणसाला झेपत नाही, आणि या यंत्राला वीज लागत नाही. इंजिन माझ्या यादीत बरंच खाली येतं.

सर्व्हेयर, म्हणजे होडी तपासून देणारा तज्ज्ञ, स्वतः शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि होडी पाण्याबाहेर काढूनच तपासून घ्या. इथे येऊन पाहणार असाल तर जानेवारीत या. होड्या तेव्हा यार्डात वर काढलेल्या असतात आणि हिवाळ्याचं भाडं भरून मालकही टेकीला आलेले असतात. पाऊस असला तरी बेत रद्द करू नका. छत्री बाहेर ठेवून आत शिरा, गाद्या उचला आणि चेनप्लेटखालच्या लाकडावरून हात फिरवा.