रसाळ–सुमार–महिपत, एकट्याने, एका दिवसात

रत्नागिरीतल्या खेडचं हे तीन किल्ल्यांचं त्रिकूट आज एका दमात झालं. पाय अजून बोलतायत.

रसाळगड सोपा. झोलाईचं देऊळ, तोफा बघा आणि उजाडताच निघा. खरा कस पुढे, सुमारगडाच्या रानात. चांगली मळलेली वाट ढोरवाट निघते नि कारवीच्या दाट झुडपांत विरते. दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही की शेवटच्या खुणेपाशी परत या. 'पुढे मिळेल' म्हणत रेटणारेच चुकतात. वरच्या टप्प्यात वाळलेलं गवत आणि घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी. पाय आडवा टेकवा. गवत धरू नका, मुळासकट हातात येतं!

पाणी किमान 4 लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही आणि मीठ मात्र जातं. नुसतं पाणी ढोसलं की पोटऱ्यांत गोळे. म्हणून पाण्यात मिसळा: लिटरला 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

दुपारी 1 पर्यंत सुमार उतरला नाही तर महिपत सोडा. माथा अफाट, पारेश्वराच्या देवळापर्यंतच बरीच चाल, अंधारात उतरायची वाट सापडणं कठीण.

निघताना वाडीत कुणाला तरी सांगून ठेवा. रेंजच्या भरवशावर राहू नका.