ब्यासकुंडाच्या अलीकडूनच परत

मे महिन्याचा पहिला आठवडा. मनालीच्या वर, ब्यासकुंड या डोंगरातल्या तळ्याच्या वाटेवर, बकरथाचला तंबू. पहाटे ३ वाजता चेन उघडून बाहेर डोकावलो तर थंडी वाजेचना. वर एक तारा नाही, सगळं आभाळ भरलेलं. आम्ही पुणेकर खूश, बोटं तरी गारठणार नाहीत! गाईड मात्र उकिडवा बसून बर्फात काठी खुपसत होता. लोण्यात सुरी जावी तशी ती आत जात होती. ‘‘रात को जमा नहीं, सर,’’ एवढंच म्हणाला.

सह्याद्रीत पहाटे निघायचं ते उन्हाच्या धाकानं. इथेही धाक उन्हाचाच, फक्त ते बर्फाला लागतं. निरभ्र रात्री बर्फातली उष्णता वर आभाळात निघून जाते, वरचा थर गोठून कडक होतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत त्यावरून खुशाल चालता येतं. ढगांनी पांघरूण घातलं की थर जमतच नाही. दिवसा वितळलेलं पाणी आत मुरलेलं असतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि कधीतरी अख्खा उतार ओल्या काँक्रीटसारखा खाली येतो. त्यातही ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात बेभरवशाचा. म्हणजे चढायला झकास वाटतो, नेमका तोच.

थोडं पुढे जाऊन बघू, असं ठरवून निघालो. वाटेत जुन्या हिमस्खलनाचा ढिगारा आडवा आला. मळकट, आणि त्यात भोजपत्राची मोडकी फांदी, साल कागदासारखी सुटलेली. बुटाची टाच हाणली, साधी खूणही उमटली नाही. सरकताना चिखल आणि थांबला की दगड. यात गाडलेला माणूस हातांनी उकरून निघत नाही, आणि पहिली १०-१५ मिनिटं गेली की जगायची आशा झपाट्यानं कमी होते. आम्ही पाच जण. फावडं एक, तेही तंबूभोवती चर खणायला आणलेलं. गाडलेल्याचा ठाव लावणारा बीकन एकाकडेही नव्हता. खरं तर हे पुण्यातच सुचायला हवं होतं.

उजाडता उजाडता चढ लागला. पावलागणिक लिंबाएवढे गोळे सुटून, मागे रेघ ओढत, घरंगळायला लागले. मग मी मांडीपर्यंत रुतलो. पाय निघाला, बूट आतच राहिला.

‘‘अरे, कुंड आलंच की! विमानाची तिकिटं काढून इथवर आलोय,’’ मित्र कुरकुरला. मलाही आतून तेच वाटत होतं. गाईडनं वाद घातला नाही. पाठ फिरवली आणि उतरायला लागला.

दहाच्या सुमारास ढग फाटले, ऊन पडलं. तंबूपाशी चहा घेत होतो, तेवढ्यात घाटात ट्रक उतरावा तशी घरघर आली. समोरच्या धारेवरून मळकट पांढरा पट्टा सावकाश ओघळत होता. आमच्या वाटेवर नव्हे, दरीच्या पलीकडे.

मित्र तरीही मनालीपर्यंत फुगलेलाच होता.