लाल लॉकटाइट आणि दीड मिलिमीटरच्या कीचा ग्रब स्क्रू : बग्गीच्या कामाची नोंद

ठाण्यातून जुनी घेतलेली एक-दशांश मापाची रिमोट बग्गी आता बहुतांश सुटी झाली आहे. शॉक आणि पुढचा डिफरन्शियल विनासायास निघाले. काम अडले ते मोटरपाशी, कारण आधीच्या मालकाने पिनियनच्या (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) ग्रब स्क्रूपासून, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूपासून, माउंटच्या बोल्टपर्यंत सढळ हाताने लाल लॉकटाइट, म्हणजे आटे जाम धरून ठेवणारे द्रव, वापरलेले आहे. निळे असते तर साध्या अ‍ॅलन कीने भागले असते. लाल मात्र साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, गरम असतानाच फिरवावे लागते. (रंगांचा हा संकेत प्रत्येक कंपनीचा सारखा असतोच असे नाही, हे ध्यानात असू द्यावे.)

हे द्रव हवेने वाळत नाही. हवा तुटली आणि लोखंड किंवा तांबे असलेल्या धातूचा स्पर्श झाला, की ते आट्यांमध्ये घट्ट होते, आणि म्हणूनच त्याची बाटली मुळात पूर्ण भरलेली नसते. एकदा घट्ट झाल्यावर बाहेरून अ‍ॅसिटोन सोडून फारसा उपयोग होत नाही, कारण ते आट्यांत शिरायला वाटच उरत नाही. उरतो तो उष्णतेचा मार्ग, आणि खरा प्रश्न ती नेमकी कुठे पोहोचवायची हा आहे.

पिनियनच्या एम-३ (तीन मिलिमीटर व्यासाच्या) ग्रब स्क्रूला दीड मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते आणि तिची पकड इतकी उथळ असते की थंड स्क्रूवर जोर लावल्यास खाच गोल होण्याची शक्यताच अधिक. हीट गन येथे मला मान्य नाही, कारण तिची उष्णता मोटरच्या आतल्या चुंबकांपर्यंत जाते. निओडिमियम चुंबकाच्या साध्या प्रती ८० अंशांच्या पुढे शक्ती गमावू लागतात. मोटरमध्ये अधिक सोसणारी प्रत वापरतात, परंतु ती किती सोसेल हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे सोल्डरिंग आयर्नचे टोक थेट खाचेत टेकवले, पिनियन आणि मोटर यांच्यामधल्या शाफ्टवर ओल्या कापडाची पट्टी ठेवली आणि उष्णता स्क्रूत मुरू दिली. नंतर, कडा न झिजलेली अ‍ॅलन की पूर्ण आत बसवून, झटका न देता सावकाश दाब वाढवत नेल्यावर स्क्रू ‘कट्’ असा आवाज करून सुटला. सुटला म्हणून तेथे थांबू नये. तो थंड झाला की पुन्हा धरतो, म्हणून एका दमात बाहेर काढावा.

चासीखालचे माउंटचे बोल्ट अधिक चिवट निघाले. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उष्णता भराभर पसरवून टाकते, त्यामुळे बारीक टोकाचे आयर्न तिथे निष्प्रभ ठरले, आणि वागळे इस्टेटमधल्या दुकानातून आणलेले रुंद टोक बसवावे लागले. एका गोष्टीची मदत झाली : अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून भोवतालचा भागही तापला तर छिद्र किंचित सैल होते. खिडकी उघडी ठेवावी, कारण तापलेल्या लॉकटाइटचा धूर डोळ्यांना झोंबतो.

आट्यांतली पांढरी पूड पितळी ब्रशने काढली आहे. परत जोडताना धातूत धातू जाईल तिथेच निळ्याचा एक थेंब लावेन आणि गाडी चोवीस तास चालवणार नाही. मागच्या गिअरबॉक्सचे स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात; लॉकटाइटने काही प्लास्टिकांना तडे जातात, म्हणून ते कोरडेच बसवायचे आहेत.