पूर्वपक्ष आधी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी निमंत्रण आलं आणि लिहायचं ते नागरिकशास्त्राच्या बाईंबद्दलच, हे लगेच ठरलं. मत तपासून कसं घ्यायचं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं.

शनिवारचा तो तास माझ्या वर्गबंधूंना आठवत असेल. विषय होता, उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करावं का? बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'असावं'. 'उशिरा येण्याने तास मोडतो' हे डावीकडे, 'शिक्षा हवी' हे उजवीकडे. मग दोन्हींना जोडणारं वाक्य मागितलं. नुसत्या वस्तुस्थितीतून कर्तव्य निघत नाही, हा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा १७४० सालचा मुद्दा आम्हाला असा कळला.

पुढे पुराव्याचा भार. शिक्षा मागणाऱ्यानेच तिची गरज सिद्ध करायची. 'का करू नये?' असं विचारून भार ढकलायचा नाही. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे पुरावा लागतो, दिवाणीत पारडं एकीकडे झुकलं की पुरतं. लोक घसरतात ते इथे: पटणाऱ्या गोष्टीला दिवाणी माप लावतात, न पटणाऱ्या गोष्टीला फौजदारी.

सर्वांत जास्त वेळ मात्र पूर्वपक्षाला. आपल्या दर्शनग्रंथांची ही जुनी शिस्त: विरुद्ध मत पूर्ण ताकदीने मांडायचं, मगच खंडन. बाईंची अट होती, समोरचा 'हो, माझं म्हणणं हेच' असं म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. शिक्षेचे विरोधक 'यांना धाक हवाय' एवढंच लिहीत राहिले आणि वही परत येत राहिली. वेळेवर येणाऱ्यांचा तास बुडतो, ही खरी तक्रार कागदावर उतरली तेव्हा कुठे खंडनाला परवानगी मिळाली, आणि तोवर निम्म्यांचं मत बदललं होतं!

तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा १९७१ सालचा 'अज्ञानाचा पडदा' शेवटी आला: आपली स्वतःची परिस्थिती ठाऊक नाही असं धरून नियम निवडायचा. आपण शाळेशेजारी राहतो की मैलभर चालत येतो, हे ठाऊक नसताना कोणता नियम मान्य कराल? कारण ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, यावर वर्गाचं एकमत झालं.

तो तास आता वेळापत्रकात नाही, याचं फार वाईट वाटतं. वक्तृत्वाच्या ढाली वाढल्या, त्याचा अभिमान आहेच. पण तिथे बाजू आधीच ठरलेली असते आणि पूर्वपक्षाला गुण नसतात. शाळेच्या स्पर्धेत दहापैकी तीन गुण विरुद्ध मत अचूक मांडण्यासाठी ठेवावेत, आणि प्रतिस्पर्ध्याने ती मांडणी मान्य केली तरच द्यावेत, अशी व्यवस्थापनाला माझी आग्रहाची विनंती आहे.