मरीनरच्या माळा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटाच्या राजधानीत, होबार्टच्या संग्रहालयात, इथल्या आदिवासी स्त्रियांनी ओवलेल्या शंखांच्या माळा पाहायला मिळतात. त्यांतला सर्वांत मानाचा शंख म्हणजे मरीनर. तो जेमतेम शेंगदाण्याएवढा असून वरून मळकट दिसतो, पण वरचा थर निघाला की त्यातून हिरवी-निळी मोरपंखी झाक बाहेर येते. इथे पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून या माळांसमोर घेऊन जातो, कारण या बेटाचा इतिहास इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

इंग्रजांनी १८०३ मध्ये इथे वसाहत केली आणि पुढच्या तीस वर्षांत मूळ रहिवाशांची जवळजवळ वाताहत झाली. जे उरले त्यांना फ्लिंडर्स बेटावरच्या वायबलेना या वस्तीत नेऊन ठेवण्यात आले. आजारपणाने आणि हाल-अपेष्टांनी तिथे इतकी माणसे दगावली की १८४७ मध्ये ती वस्ती मोडली, तेव्हा परतणाऱ्यांची संख्या फक्त ४७ होती. त्यांच्यातली त्रुगानिनी १८७६ मध्ये वारली आणि ‘शेवटचा टास्मानियन गेला’ असे जगभर छापून आले. तिचा सांगाडा याच शहरातल्या संग्रहालयाने कित्येक वर्षे प्रदर्शनात मांडला होता. तिच्या इच्छेप्रमाणे रक्षा समुद्रात सोडायला १९७६ साल उजाडावे लागले. तिची म्हणून ओळखली जाणारी शंखांची माळ इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या संग्रहालयातून १९९७ मध्ये परत आली.

‘शेवटची’ ही गोष्ट मुळात खोटी होती. सील मारणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी टास्मानिया आणि मुख्य ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर ज्या आदिवासी स्त्रिया नेल्या, त्यातल्या बऱ्याचजणींना पळवूनच, त्यांची मुलेबाळे केप बॅरन आणि आसपासच्या बेटांवर वाढली. भाषेचा बराचसा भाग गेला, गाणी गेली, पण आईने मुलीला शंख ओवायला शिकवणे काही थांबले नाही. सरकार ज्यांना अस्तित्वातच नाही असे म्हणत होते, त्या समाजाकडे आपल्या असण्याचा एवढा ठसठशीत पुरावा दुसरा कोणता असणार?

आणि हे काम सोपे नाही. हे शंख किनाऱ्यावर पडलेले वेचायचे नसतात, कारण मेलेल्या शंखाचा रंग उडालेला असतो. मोठ्या ओहोटीला गार पाण्यात उतरून समुद्री शेवाळावरून ते जिवंत काढावे लागतात, त्यामुळे अमुक वेळा, अमुक वारा, अमुक खडक हे सगळे ठाऊक असावे लागते. मग आतला जीव काढायचा, धुवायचे, आकाराप्रमाणे निवडायचे आणि एकेकाला आरीने भोक पाडायचे. पूर्वी शंख धुरावर धरून वरचा थर चोळून काढत आणि प्राण्यांच्या स्नायूंच्या तंतूंत ओवत. एका लांब माळेला शेकडो शंख लागतात आणि त्यात महिनेच्या महिने जातात. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, तिची आठवण मराठी माणसाला इथे झाल्याशिवाय राहत नाही. मात्र त्या कवड्या बाजारात मिळतात, मरीनरसाठी समुद्रातच उतरावे लागते.

केप बॅरन बेटावर १९४६ मध्ये जन्मलेल्या लोला ग्रीनो या आज या कलेतल्या सर्वांत ज्येष्ठ नावांपैकी एक. इथे वडीलधाऱ्या आदिवासी स्त्रीला सगळेच ‘आंटी’ म्हणतात, तशा त्याही आंटी लोला. त्यांना २०१९ मध्ये रेड ओकर हा आदिवासी कलावंतांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या घराण्यांत मुले सरकारने आईबापांपासून तोडून नेली, तिथे ओवण्याची विद्याही मध्येच खुंटली होती. अशा घरांतल्या स्त्रियांना गेल्या काही वर्षांत जाणत्या आंट्यांनी बेटांवर सोबत नेऊन शिकवले आहे. ऑस्ट्रेलियात ‘हीलिंग’ हा शब्द सरकारी भाषणांतून आणि पर्यटनाच्या पत्रकांतून इतका वापरला जातो की त्याचा वीट यावा, पण चाळिशीतली बाई आजीच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहून पहिला शंख ओळखायला शिकते, तेव्हा तो शब्द मला पटतो. नुकसानभरपाईच्या बाबतीतही टास्मानियाने पहिले पाऊल उचलले. तोडून नेलेल्या मुलांसाठी २००६ मध्ये कायदा करून ५० लाख डॉलरचा निधी ठेवणारे हे ऑस्ट्रेलियातले पहिले राज्य. पैशाने गेलेले बालपण परत येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

सध्याची काळजी वेगळीच आहे. उत्तरेकडून येणारा उष्ण प्रवाह आता टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर अधिक दक्षिणेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे इथल्या महाकाय केल्प शेवाळाची बहुतेक वने नाहीशी झाली आहेत, आणि न्यू साउथ वेल्सकडून सरकत आलेले लांब काट्यांचे समुद्री साळू (सी अर्चिन) उरलेसुरले शेवाळ खाऊन खडक उघडे पाडत आहेत. मरीनरचे घर शेवाळातच असल्याने माळा करणाऱ्या स्त्रियांना जुन्या ठिकाणी पूर्वीसारखे शंख मिळेनासे झाले आहेत. म्हणूनच होबार्टच्या एखाद्या दुकानात अशी माळ दिसली, तर किंमत विचारण्याआधी ती कोणी ओवली आणि शंख कुठल्या किनाऱ्यावरचे आहेत, हे विचारा. खरी माळ असेल, तर दुकानदाराला करणारीचे नाव आणि तिचे बेट सांगता येते.