एका टिंबाला एक मिनिट

“थांब, टिंब अजून संपलेलं नाही.”

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोतले आमचे शेजारी आजोबा हॅम रेडिओवाले, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर संदेश पाठवणारे-ऐकणारे. आज संध्याकाळी कॉफीला गेले, तर लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर दुरून येणाऱ्या रेडिओ संदेशाची एक फिकट रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. १३६ किलोहर्ट्झ, लहरीची लांबी तब्बल २,२०० मीटर, आणि पाठवणाऱ्याच्या अँटेनातून निघणारी ताकद जेमतेम १ वॅट. म्हणून मोर्स (टिंब-रेघांची लिपी) इतका सावकाश, की एक टिंब मिनिटभर चालतं. नुसतं कॉलसाइन, म्हणजे पाठवणाऱ्याचं सांकेतिक नाव, उमटायला तासभर तरी.

चार अक्षरं हाती लागली आणि बाहेर आकाशात हिरवा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, पेटला. त्याने रेडिओ लहरी बिघडल्या आणि रेघ गोंगाटात बुडाली. आजोबांनी खिडकीकडे बघून चक्क शिवी हासडली! लोक हजारो क्रोनर मोजून तेच बघायला येतात हो.

घरी आल्यावर मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, “दोन मिनिटं झाली, उत्तर का नाही?”