तीस पौंड आणि २५५ माणसं

आज बडोद्यातल्या फतेगंजच्या मेथडिस्ट चर्चवरून पुढे दांडिया बाजारात भिशीला गेले. वही उघडली तरी डोक्यात मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्लीच होते.

त्यांच्या प्रवचनांबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यांचा हिशोब जवळचा वाटतो. १७४६ मध्ये लंडनच्या गरिबांना उसने द्यायला त्यांनी निधी जमवला, ३० पौंड १६ शिलिंग. नियम असा: एका वेळी फक्त २० शिलिंग (म्हणजे एक पौंड), फेड दर आठवड्याला, तीन महिन्यांत पूर्ण. दीड वर्षात २५५ जणांना मदत झाली!

एवढ्या पैशात एका वेळी तीसच जणांना देता येतं. तीन-तीन महिन्यांचे सहा फेरे धरले तरी १८०. मग २५५ कसे? खुबी आठवड्याच्या हप्त्यात आहे. आलेले दीड-दीड शिलिंग पेटीत पडून न राहता लगेच पुढच्याच्या हाती जातात. आपल्या बचत गटांत महिन्याचा हप्ता असतो, तिथेच घोळ होतो. महिनाअखेर पैसे घरात खर्चून जातात, दोन हप्ते चुकले की पुढची बाई अडते.

त्याच वर्षी त्यांनी मोफत दवाखानाही काढला. गुंतागुंतीचे आजार मात्र डॉक्टरांकडेच पाठवायचे, हे आधीच ठरवून.

आणि जानेवारी १७८५. वय ८१. गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड हवे होते, म्हणून पाच दिवस लंडनभर पायी फिरून मागितले. रस्त्यांत वितळणारा बर्फ, पाय घोट्यापर्यंत त्यात.